'झोपणे' आणि 'झोप लागणे' : निद्राविषयक प्रश्नावलींच्या मराठी अनुवादाचा प्रश्न

प्रस्तावना :
मानसशास्त्र, समाजकार्य, शारीरिक शिक्षण आदी विषयांच्या प्रबंधांत निद्रेचे मापन करण्यासाठी बहुधा दोन साधने वापरली जातात. पहिले म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला निद्रागुणवत्ता निर्देशांक. यात मागील एका महिन्याविषयी १९ प्रश्न असून एकूण गुणांकन ० ते २१ असते आणि ५ पेक्षा अधिक गुण निकृष्ट झोपेचे निदर्शक मानले जातात. दुसरे साधन म्हणजे मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेली आठ प्रसंगांची एपवर्थ श्रेणी. ती दिवसा डुलकी लागण्याची शक्यता मोजते. दोन्ही साधने मूळ इंग्रजी आहेत. आपल्याकडे मात्र संशोधक स्वतःच मराठी रूपांतर करून ती थेट वापरतो असे पुष्कळदा आढळते. प्रस्तुत लेखकानेही एम. फिल. च्या वेळी तेच केले होते.

क्रियापदाची अडचण :
त्या प्रश्नावलीतील पहिला प्रश्न मी 'तुम्ही रात्री किती वाजता झोपता?' असा लिहिला होता. लातूर जिल्ह्यातील एका वयस्क शेतकरी स्त्रीने त्यास दिलेले उत्तर असे : "नवाला झोपते की लेकरा, पर झोप बारालाच लागती." व्याकरणदृष्ट्या या वाक्यात काहीही विसंगत नाही. मराठीत 'झोपणे' म्हणजे अंथरुणावर आडवे होणे आणि 'झोपणे' म्हणजे निद्राधीन होणेही. त्या आजींनी भेद स्वतःहून स्पष्ट केला. त्यापूर्वी भरून घेतलेल्या प्रश्नावलींत कोणी कोणता अर्थ घेतला, हे जाणण्याचा मार्ग माझ्याकडे उरला नव्हता.

ही केवळ शब्दांची बाब नाही. निर्देशांकात प्रत्यक्ष झोपेच्या तासांस अंथरुणावरील तासांनी भागून निद्राकार्यक्षमता काढतात. आजी पहाटे पाचला उठतात असे धरल्यास अंथरुणावर आठ तास व झोप पाच तास, म्हणजे ६२.५ टक्के होतात. ६५ टक्क्यांखाली सर्वाधिक दोषगुण, म्हणजे ३ मिळतात. त्यांनी 'बाराला झोपते' एवढेच सांगितले असते तर पाचास पाच, अर्थात १०० टक्के, आणि दोषगुण शून्य! झोप लागण्यास लागणारा अवधीही त्याच चुकीने नाहीसा झाला असता. निद्रानाशाची रुग्ण कागदावर सुखाने झोपलेली दिसली असती.

स्पॅनिशमध्ये या दोन क्रियांसाठी 'अकोस्तार्से' (आडवे होणे) व 'दोर्मीर्से' (झोप लागणे) अशी स्वतंत्र क्रियापदे आहेत. त्यामुळे १९९७ मध्ये रोयुएला व मासियास यांनी तपासलेल्या स्पॅनिश आवृत्तीस ही अडचण भाषेनेच सोडवून दिली होती. मराठीत 'अंथरुणावर केव्हा पडता?' आणि 'डोळा केव्हा लागतो?' असे जाणीवपूर्वक वेगळे विचारावे लागते.

प्रमाणीकरणाची प्रक्रिया :
सर्वमान्य पद्धतीत दोन स्वतंत्र अनुवाद, त्यांचा मेळ, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्तीकडून उलट अनुवाद, तज्ज्ञसमितीची चर्चा व पूर्वचाचणी असे टप्पे येतात. आपल्याकडे उलट अनुवाद झाला की काम संपले असे समजतात. परंतु 'किती वाजता झोपता?' याचा उलट अनुवाद अगदी बिनचूक येतो, दोष दिसतच नाही. क्रॉनबॅकचा अल्फा हा गुणांकही तो दाखवीलच असे नाही. तो प्रश्नांची परस्परसंगती मोजतो. उत्तरदात्यांनी प्रश्नाचा कोणता अर्थ घेतला, हे तो सांगत नाही. म्हणून पूर्वचाचणीत उत्तरदात्यास 'या प्रश्नातून तुम्हांस काय समजले?' असे विचारणे अपरिहार्य ठरते. माझ्या मते हाच टप्पा सर्वांत स्वस्त आहे आणि तोच सर्वाधिक वगळला जातो.

एपवर्थ श्रेणीत अडचण प्रसंगांची आहे. वाचताना, सभेत वा नाट्यगृहात, वाहतुकीत थांबलेल्या मोटारीत डुलकी लागेल काय, असे ती विचारते. नांदेड जिल्ह्यातील निरक्षर शेतमजुरास यातील काय लागू पडावे? पेरूमध्ये मोटार न चालवणाऱ्यांसाठी या श्रेणीची वेगळी आवृत्ती करून ती तपासण्यात आली. आपल्याकडे एसटीचा प्रवास किंवा कीर्तन हे पर्याय सुचतात. पण कीर्तनातील डुलकी व सभेतील डुलकी समान मानावी काय, हे तपासल्याखेरीज ठरवता येणार नाही. शिवाय 'थकवा' व 'पेंग' यांत गल्लत होऊ नये. मूळ सूचनेत हा भेद स्पष्टपणे केलेला आहे.

दोन्ही साधनांवर स्वामित्वहक्क आहेत. तेव्हा मराठी आवृत्ती आधीच उपलब्ध आहे काय, याची हक्कधारकांकडे चौकशी करून लेखी परवानगी घ्यावी. पदरचे प्रश्न त्यात घालता येत नाहीत. मात्र पिट्सबर्ग निर्देशांकात झोपमोडीच्या कारणांच्या शेवटी 'अन्य कारण' अशी रिकामी जागा आहे. रात्रपाळीच्या विजेवर पिकास पाणी देण्यासाठी उठणारा शेतकरी किंवा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपासून छपराखाली निश्चिंत झोप न लागणारा किल्लारी परिसरातील वृद्ध आपले कारण तेथेच नोंदवू शकतो. पान वाचवण्यासाठी अनेक छापील प्रतींत नेमकी हीच ओळ गाळलेली असते.