ऑनलाइन उपचार: पडद्यापलीकडे माणूस हवा

मुले शिकायला परगावी गेली की आईवडील फोनवर ठरलेले तीन प्रश्न विचारतात: जेवण झाले का, अभ्यास कसा चालला आहे, पैसे पुरतात ना? मन ठीक आहे ना, हा चौथा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. विचारला तरी मुले एका शब्दात मोकळी होतात, ‘‘मजेत!’’

प्रत्यक्षात कित्येक मुले मजेत नसतात. सरकारी नोंदींनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. हे झाले टोकाचे पाऊल. झोप उडालेली, जेवणावरची वासना गेलेली, वर्गात जायचे टाळणारी आणि तरीही कुणापाशी काही न बोलणारी मुले याहून कितीतरी अधिक असणार.

मदत आहे, पण पोहोचत नाही

आपल्या देशात एक लाख लोकांमागे सरासरी एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले, की निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळतच नाहीत. विद्यार्थ्यांच्या अडचणी त्याहून वेगळ्या. खासगी तज्ज्ञाची फी खिशाला परवडत नाही. घरून पैसे मागावेत, तर कारण सांगावे लागते. कॉलेजच्या समुपदेशकाच्या खोलीत शिरताना कुणी पाहिले तर? त्यातून मुलगी असेल, तर ‘उद्या लग्नात अडचण येईल’ ही घरच्यांची भीती आहेच.

अशा वेळी हातातला मोबाइल उपयोगी पडू शकतो. समुपदेशकाशी फोनवर, व्हिडिओवर किंवा लिहून बोलता येते. प्रवास नाही, रांग नाही, ओळखीचे कुणी भेटण्याची भीती नाही. दुसरा एक प्रकार आहे तयार पाठांचा. निराशेच्या भरात मन कसे वाकडे विचार करते, ते विचार कागदावर कसे मांडायचे, अंथरुणातून उठावेसे वाटत नसताना दिवसाकाठी एखादे लहानसे काम ठरवून कसे करायचे, हे त्यात टप्प्याटप्प्याने शिकवलेले असते. विचार, भावना आणि वागणे यांची साखळी ओळखून ती तोडायची, हे या पद्धतीचे सूत्र.

नुसते पाठ पुरत नाहीत

मग मोबाइलमध्ये एखादे अ‍ॅप टाकून दिले की काम झाले का? या प्रश्नाचे उत्तर मेक्सिको आणि कोलंबिया या दोन देशांतल्या विद्यापीठांनी शोधले. आपल्यासारखेच तिथेही विद्यार्थी पुष्कळ आणि तज्ज्ञ थोडे. चिंता किंवा नैराश्याचा त्रास असलेल्या सुमारे १,३०० विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटाला ऑनलाइन पाठ दिले आणि सोबत एक प्रशिक्षित मार्गदर्शक दिला. तो विद्यार्थ्याचे काम पाही आणि लेखी उत्तर देई. दुसऱ्या गटाला तेच पाठ दिले, पण मार्गदर्शक नाही. तिसऱ्या गटाला विद्यापीठात नेहमी मिळते तीच मदत.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. मार्गदर्शक लाभलेल्या गटात बरे होणाऱ्यांचे प्रमाण इतर दोन्ही गटांपेक्षा स्पष्टपणे अधिक होते. एकट्याने पाठ वाचणाऱ्यांना मात्र नेहमीच्या मदतीपेक्षा विशेष अधिक फायदा झाला नाही. पाठ तेच, मोबाइलही तसेच. फरक होता तो आपले लिहिणे कुणीतरी वाचते आहे, या जाणिवेचा.

हा माणूस मोठा डॉक्टरच असायला हवा असेही नाही. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या रुग्णांचे समुपदेशन करायला लावले. त्याचा चांगला उपयोग होतो, हे २०१७ मध्ये सिद्ध झाले. नीट प्रशिक्षण आणि वर तज्ज्ञाची देखरेख, या दोन अटी मात्र आवश्यक आहेत.

आपल्याकडची सोय

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ साली ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा सुरू केली. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन मोफत आहे आणि रात्री-अपरात्रीही लागतो. २० भाषांत सोय असल्याने इंदूर, हैदराबाद किंवा दिल्लीत शिकणाऱ्या मुलालाही मराठीत बोलण्याची निवड करता येते. मनातले दुःख परक्या भाषेत सांगणे किती अवघड, हे घराबाहेर राहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांना निर्देश दिले. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा आणि मदतीचे क्रमांक वसतिगृहांत, वर्गांत ठळकपणे लावलेले हवेत. मुलाच्या प्रवेशाच्या वेळी आपण फी, खोली, मेस यांची चौकशी करतोच. समुपदेशक आहे का, हेही तेव्हाच विचारावे.

दार बंद करू द्या

ऑनलाइन उपचारांची खरी अडचण पुष्कळदा घरातच असते. दोन खोल्यांच्या घरात मुलगी फोनवर हळू आवाजात बोलू लागली, की ‘‘कुणाशी बोलतेस गं?’’ असा प्रश्न येतोच. आजी ऐकते, धाकटा भाऊ दाराशी घुटमळतो. अशाने मन मोकळे कसे होणार? आठवड्यातून तासभर तिला एक खोली मिळेल, तेवढ्यात कुणी आत येणार नाही आणि नंतर ‘काय काय सांगितलेस?’ असे विचारणार नाही, एवढी व्यवस्था आईवडिलांना करता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जीव धोक्यात असेल, तर गोष्ट वेगळी.

थोडी सावधगिरीही हवी. इंटरनेटवर स्वतःला समुपदेशक म्हणवणारे पुष्कळ आहेत. डॉक्टर असल्यास वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारावी. यात संकोच करण्यासारखे काही नाही. काही आजारांत मात्र पडद्यावर विसंबून चालत नाही. मुलगा मरणाची भाषा बोलू लागला, त्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तो व्यसनात बुडाला, तर त्याला एकटे न सोडता थेट रुग्णालयात न्यावे. ‘असे काही मनात येते का रे?’ असे शांतपणे विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

घरातल्या कॅलेंडरवर गॅसवाल्याचा, डॉक्टरांचा फोन नंबर लिहिलेला असतो. त्याखालीच १४४१६ लिहून ठेवायला काय हरकत आहे? कदाचित तो कधी लागणारही नाही. पण या घरात असल्या विषयावर बोलता येते, एवढे मुलांना भिंतीकडे पाहूनच कळेल.