सूक्ष्मविद्येचे सोवळे

इंदूर म्हटले की गोमंतकीय वाचकाला होळकरांचा राजवाडा, अहिल्याबाईंची पुण्याई आणि सराफ्यातले रात्रीचे खाणे आठवते. त्याच शहराच्या विजय नगर या गजबजलेल्या नव्या वस्तीत दुकानादुकानांतून जे मोबाईल संच विकले जातात, त्यांच्या पोटातली सिलिकॉनची चिप मात्र बहुधा परदेशात घडलेली असते. ती घडविण्याची विद्या आपल्या तरुणांनी कोठे व कशी शिकावी, हा प्रश्न आम्हांस कारखान्यांच्या घोषणांहून अधिक महत्त्वाचा वाटतो.

इंदुरात या विद्येची तयारी बरीच जुनी आहे. १९५२ साली स्थापन झालेल्या गोविंदराम सेकसरिया संस्थेत चिपरचनेचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. १९८४ साली पायाभरणी झालेल्या आणि आज राजा रामण्णांचे नाव धारण करणाऱ्या केंद्रात 'इंडस-२' हे किरणयंत्र आहे. त्याच्या क्ष-किरणांनी अतिसूक्ष्म आकृती कोरण्याची सोय तेथे असून देशभरातील संशोधक तिचा लाभ घेऊ शकतात. शहराच्या दक्षिणेस सिमरोळला आय. आय. टी. आहे. तिचे विद्यार्थी झिंक ऑक्साईडचे पातळ थर देऊन स्मृती साठविणारी उपकरणे तयार करण्यावर संशोधन करतात.

ही विद्या पुस्तकातून साध्य होत नाही. 'हजार' दर्जाच्या स्वच्छ खोलीत एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण हजारापेक्षा अधिक चालत नाहीत. आपल्या आजीचे सोवळे त्यापुढे सैलच म्हणावयाचे! डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेऊन विद्यार्थी तेथे भट्टीसमोर दिवस काढतो. एक थर बिघडला की सारे पुन्हा पहिल्यापासून. आराखडा करून चिप बाहेरून घडवून आणावयाची तर ती हाती येण्यास महिने लागतात, आणि आल्यावर ती चालेलच असे नाही. पीएच.डी.ची पाच वर्षे जातात ती अशी.

या पाच वर्षांचे मोल आपण काय देतो? कनिष्ठ संशोधकाची वृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. चिपरचनेच्या कंपनीत साधा पदवीधरही त्याहून पुष्कळ अधिक मिळवितो. घरी म्हातारे आईवडील आणि लग्नाची बहीण असलेला हुशार मुलगा कोणती वाट धरील, हे सांगावयास ज्योतिषी नको.

केंद्र सरकारने २०२१ च्या डिसेंबरात या उद्योगासाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली. पुढे ८५,००० अभियंते घडविण्याचा संकल्पही सोडला. संकल्प उत्तमच आहे. परंतु अभियंते घडविणारे गुरू कोठून आणावयाचे? त्यांचीच पैदास पीएच.डी.च्या प्रयोगशाळेत होते. मोहालीच्या सरकारी कारखान्याला १९८९ साली आग लागली आणि देश या क्षेत्रात कित्येक वर्षे मागे पडला. यंत्रे पैशाने पुन्हा आणता येतात; मधल्या काळात न घडलेल्या माणसांची उणीव मात्र सहज भरून निघत नाही.

मुंबईच्या आय. आय. टी.ने २००६ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेसह नॅनोइलेक्ट्रॉनिकीचे केंद्र उभारले आणि पुढे अन्य महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठीही त्या प्रयोगशाळांची दारे उघडली. हा मार्ग आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक राज्याला अशी महागडी खोली परवडणार नाही. पण तेथे पाठविण्याजोगा विद्यार्थी तयार करणे कोणत्याही राज्याला परवडते.

आणि आमचे गोमंतक? इंदूरची आय. आय. टी. २००९ साली देवी अहिल्या विद्यापीठाच्या आवारात उसन्या जागेत सुरू झाली आणि पुढे स्वतःच्या घरी गेली. आमची २०१६ साली फर्मागुडीस अशीच उसन्या जागेत सुरू झाली. पुढे मेळावलीची जागा ठरली, गावकऱ्यांचा विरोध पेटला आणि २०२१ च्या जानेवारीत ती सोडावी लागली. ज्यांच्या काजूबागा जाणार होत्या त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांना विश्वासात न घेणाऱ्यांना देतो. दरम्यान येथला जो मुलगा या विद्येकडे वळेल, त्याला मुंबईच्या वा इंदूरच्या प्रयोगशाळेत वर्षातून काही महिने राहून काम करता यावे, यासाठी प्रवास, निवास आणि चिप घडविण्याचा खर्च राज्य सरकारने उचलावा. त्याला जमीन संपादन करावी लागत नाही.