साखळी करवत सुरू होत नसेल तर काय करावे?

पालघर जिल्ह्यातील वाड्यांत कुऱ्हाड आणि हातकरवत यांच्या जोडीला आता पेट्रोलवर चालणारी साखळी करवत आली आहे. बाजारात ती ‘चेन सॉ’ या नावाने मिळते; गावात तिला नुसते ‘कटर’ असेही म्हणतात. डहाणू, घोलवड, बोर्डी या भागांतील चिकूच्या जुन्या, दाटलेल्या बागांतील फांद्या विरळ करणे, भिरूड लागून वाळलेला आंबा काढून टाकणे, किनाऱ्यालगतचे पडलेले सुरू तोडून वासे करणे, अशी दिवसभराची कामे या यंत्राने तासा-दोन तासांत उरकतात. मात्र हे यंत्र वर्षातील बराच काळ पडवीत किंवा गोदामात पडून असते आणि ज्या दिवशी खरी गरज लागते नेमके त्याच दिवशी ते रुसते.

ही गरज किती निकडीची असू शकते, हे १७ मे २०२१ रोजी आपल्या जिल्ह्याने अनुभवले आहे. त्या दिवशी तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकत आपल्या किनाऱ्याजवळून गेले आणि रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याने चिकूच्या व आंब्याच्या बागांत झाडे उन्मळली, रस्त्यांवर झाडे आडवी झाली. अशा प्रसंगी रस्ता मोकळा होईपर्यंत आजाऱ्याला दवाखान्यात नेता येत नाही आणि दूध किंवा फळ बाजारात पोचत नाही. त्या वेळी गावातील एकुलते यंत्र सुरू न होणे ही केवळ गैरसोय राहत नाही. म्हणून यंत्र का सुरू होत नाही, दोष कोणत्या क्रमाने शोधावा आणि तो उद्भवू नये म्हणून कोणती काळजी घ्यावी, याची माहिती येथे देत आहोत. औषध फवारण्याचे पेट्रोल पंप आणि गवत कापण्याची यंत्रे यांतही बहुधा याच जातीचे दोन फेऱ्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन असते. त्यामुळे ही माहिती त्यांनाही लागू पडेल.

इंजिनाची गरज

चूल पेटावयास सरपण, वारा आणि काडी ही तिन्ही लागतात. सरपण ओले असेल, चूल राखेने बुजली असेल किंवा काडी सादळली असेल, तर कितीही फुंकले तरी जाळ होत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. त्यास चांगले इंधन, पुरेशी हवा आणि जोरदार ठिणगी हवी. शिवाय सिलिंडरमध्ये हवा-इंधनाचे मिश्रण दाबले गेले पाहिजे. या चारांपैकी एकही उणे असल्यास दोरी ओढून हात दुखतील, पण यंत्र सुरू होणार नाही. दहा-बारा वेळा दोरी ओढूनही इंजिन दाद देत नसेल, तर थांबावे आणि दोष शोधावा. उगाच ओढत राहिल्याने दोरी तुटते, इंजिनात पेट्रोल साचते आणि मूळ दोष तसाच राहतो.

प्रथम सुरू करण्याची रीत तपासावी

पुष्कळदा यंत्रात काहीच दोष नसतो, रीत चुकलेली असते. यंत्र सपाट जमिनीवर ठेवावे. साखळीचा ब्रेक लावावा. डाव्या हाताने पुढील मूठ घट्ट धरावी व उजव्या पायातील बुटाचे टोक मागील मुठीत रोवावे. बटण ‘चालू’वर असल्याची खात्री करून घ्यावी. इंजिन थंड असेल तर चोक पूर्ण लावून दोरी ओढावी. एकदा ‘फुट्’ असा आवाज आला की चोक अर्धा करावा आणि पुन्हा ओढावे. हा पहिला आवाज ओळखणे फार महत्त्वाचे आहे. तो लक्षात न येता चोक पूर्ण ठेवूनच दोरी ओढीत राहिल्यास इंजिनात नको तितके पेट्रोल शिरते. यंत्र हातात अधांतरी धरून झटक्याने सुरू करण्याची सवय मात्र सर्वस्वी घातक आहे.

इंधन : निम्म्या तक्रारींचे मूळ

या इंजिनास वेगळी तेलटाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-स्ट्रोक तेलच त्याचे वंगण होय. हे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. ५०:१ असे लिहिले असेल तर एक लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर तेल घालावे. २५:१ असेल तर ४० मिलिलिटर. माप अंदाजाने घेऊ नये. तेल कमी पडले तर दट्ट्या सिलिंडरमध्ये घासून अडकतो व हजारोंचा खर्च येतो. जास्त झाले तर प्लग काळा पडतो व धूर होतो. मिश्रण वेगळ्या डब्यात करून, चांगले हलवून मगच टाकीत ओतावे.

दुसरी गोष्ट पेट्रोलच्या वयाची. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते आणि २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. समुद्रकाठच्या आपल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, अर्धवट भरलेल्या टाकीत असा ओलावा साठत जातो. तो फार झाला की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. आणि इंधन ओढून घेणारी गाळणी नेमकी तळाशीच असते. जुन्या मिश्रणाचा थोडा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन काही वेळ स्थिर ठेवावा. त्यात दोन थर दिसले, किंवा मिश्रण गढूळ वा आंबूस वासाचे वाटले, तर ते यंत्रात वापरू नये. मिश्रण महिनाभरात संपेल इतकेच करावे. टाकी रिकामी करून ताजे मिश्रण भरणे हाच न सुरू होणाऱ्या यंत्रावरील पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे.

प्लग काय सांगतो?

ताज्या मिश्रणानेही काम न झाल्यास प्लग काढून पाहावा. वैद्य जशी जीभ पाहतो, तसा जाणता कारागीर प्लग पाहतो.

प्लग कोरडा असेल, तर इंधन सिलिंडरपर्यंत पोचत नाही असे समजावे. टाकीतील गाळणी चोंदली आहे काय, रबरी नळीस चीर पडली आहे काय, हे पाहावे. तारेच्या आकड्याने गाळणी टाकीच्या तोंडाशी ओढून घेता येते. ती काळवंडली असेल तर बदलावी. तिची किंमत फारशी नसते.

प्लग पेट्रोलने ओला असेल, तर इंधन पोचले आहे, पण पेटत नाही. अशा वेळी बटण बंद करून चोक काढावा, प्लगचे भोक खाली येईल असे यंत्र धरून साचलेले पेट्रोल निथळू द्यावे आणि दोरी सहा-सात वेळा ओढावी. जवळपास विडी, चूल किंवा दिवा नसावा. प्लग पुसून, वाळवून पुन्हा बसवावा आणि चोक न लावता सुरू करून पाहावे.

प्लगच्या टोकाचा रंग कॉफीसारखा तपकिरी असेल तर इंजिनाची प्रकृती चांगली आहे. काळा व तेलकट असेल तर तेल जास्त आहे किंवा हवेची गाळणी बुजली आहे. पांढुरका असेल तर इंजिन फार तापत आहे. असे यंत्र तपासून घेतल्यावाचून चालवू नये. प्लगच्या टोकांतील अंतर बहुतेक यंत्रांत अर्धा मिलिमीटर असते. तरीही पुस्तिका पाहून खात्री करावी.

ठिणगी पाहावयाची झाल्यास प्लग टोपीत बसवून, रबरी मुठीच्या पकडीने त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवावे, बटण चालू करून दोरी ओढावी. प्लगच्या मोकळ्या भोकापासून तो दूर धरावा, कारण तेथून येणारी पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. निळसर, ठसठशीत ठिणगी दिसली तर ठीक. नसेल तर नवा प्लग लावून पाहावे. तरीही ठिणगी नसेल, तर दोष बटणाच्या तारेत किंवा इग्निशन कॉइलमध्ये आहे. ते काम कारागिराचे.

सुरू होते, पण लगेच बंद पडते

हा दोष वेगळा आहे. हवेची गाळणी काढून पाहावी. लाकडाच्या भुशाने ती बुजली असेल तर झटकून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे धुऊन व पूर्ण वाळवून बसवावी. यंत्र काही मिनिटे चालून बंद पडत असेल, तर बंद पडल्यावर टाकीचे झाकण हळूच उघडावे. ‘फुस्स’ असा आवाज होऊन हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर यंत्र पुन्हा सुरू झाले, तर टाकीत हवा जाण्याची वाट बुजली आहे असे समजावे. धूर बाहेर पडण्याच्या नळकांड्यातील बारीक जाळीवर काजळी धरली असल्यास तीही इंजिन थंड झाल्यावर साफ करावी.

एवढे करूनही फरक न पडल्यास कार्बोरेटरमधील पातळ पडदा जुन्या पेट्रोलने कडक झालेला असण्याचा संभव आहे. कार्बोरेटरचे स्क्रू अंदाजाने फिरवू नयेत. इंधन कमी सोडले गेले तर यंत्र क्षणभर जोरात धावेल, पण आतून जळेल.

दोरी अगदीच हलकी ओढली जात असेल, तर प्लग सैल आहे किंवा दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत. दोरी मुळीच हलत नसेल, तर प्लग काढून पाहावे. मग ती मोकळी झाली तर आत पेट्रोल साचले होते. तरीही हलली नाही तर दट्ट्या अडकला आहे. बळ लावू नये.

इंजिन चालते, पण लाकूड कापत नाही

अशा वेळी दोष साखळीत असतो. तासल्यासारखे दाणेदार तुकडे पडत असतील तर धार ठीक आहे. पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर धार गेली आहे. बोथट साखळी दाबून चालविल्याने इंजिन तापते. या साखळीच्या दातांचा आकार एका किड्यावरून सुचला आहे. १९४६ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने ओंडका पोखरणारी अळी पाहिली. ती आपल्या आंब्यातील भिरुडाप्रमाणेच लाकडात सहज वाट काढीत होती. तिच्या जबड्यांची ठेवण पाहून त्याने नव्या दातांची साखळी तयार केली. अशा दातांचे काम धारेवरच अवलंबून असते. म्हणून योग्य मापाच्या गोल कानशीने प्रत्येक दातास सारखे घाव द्यावेत.

साखळीस स्वतंत्र तेल लागते. पट्टीचे टोक कोरड्या ओंडक्यासमोर जवळ धरून यंत्र चालविल्यास लाकडावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. गाडीतील जळके तेल येथे वापरू नये. इंजिन मंद चालत असताना साखळी आपोआप फिरत असेल, तर ते यंत्र दुरुस्त झाल्याशिवाय वापरू नये.

ठेवणीतली काळजी

काम संपल्यावर टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत मंद चालवावे, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उरणार नाही. थंड झाल्यावर प्लग काढून त्या भोकात टू-स्ट्रोक तेलाचे काही थेंब सोडावेत, दोरी एक-दोनदा हळू ओढावी व प्लग परत बसवावा. साखळी व पट्टी स्वच्छ करून तेल लावावे, म्हणजे खाऱ्या हवेने गंज धरणार नाही. मे महिन्याच्या आरंभी, वादळ-पावसाच्या आधी, ताजे मिश्रण भरून यंत्र एकदा चालवून पाहावे. एक जादा प्लग, एक गाळणी, एक कानस आणि दोरी एवढे सामान पेटीत ठेवावे. वादळात रस्ते बंद असताना पालघर किंवा बोईसरच्या बाजारात जाता येत नाही.

चालविताना सावधगिरी

पट्टीच्या टोकाने कापू नये. टोक लाकडाला लागले की यंत्र उसळून अंगावर येते. शिडीवर उभे राहून किंवा खांद्याच्या वर धरून ते चालवू नये. पंचा, लुंगी, पदर असे सैल वस्त्र अंगावर नसावे. डोक्यास शिरस्त्राण, डोळ्यांस चष्मा व पायांत भक्कम बूट असावेत. वादळात पडलेल्या झाडाच्या फांद्या वाकून ताणलेल्या असतात. कापताच त्या चाबकासारख्या उसळतात. विजेच्या तारा अडकल्या असतील, तर महावितरणकडून प्रवाह बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय झाडास हात लावू नये.

उभे झाड तोडण्यापूर्वी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ ध्यानात ठेवावा. साग, खैर, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन इत्यादी अनुसूचित झाडांस परवानगी लागते, मग ती स्वतःच्या मालकीच्या जमिनीत का असेनात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावातील अशा सर्व यंत्रांच्या मालकांना एके ठिकाणी बोलावून ती सुरू करून पाहण्याचा एक दिवस ठरवावा. जे यंत्र त्या दिवशी सुरू होणार नाही, ते दुरुस्त करावयास अवधी तरी मिळेल. शेतकरी बंधूंनीही आपले यंत्र या दिवशी अवश्य आणावे.