ताप उतरला, म्हणून घरी न्यायचं?

‘ताप तर सकाळीच उतरला, मग हा असा गळून का पडलाय?’ पावसाळ्यात कॅज्युअल्टीत हा प्रश्न हमखास ऐकू येतो. ताप गेला म्हणजे आजार गेला, हा समज सगळ्यात महागात पडतो. डेंग्यूत गणित नेमकं उलटं असतं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरू लागतो आणि त्याच सुमारास, २४ ते ४८ तास, काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर झिरपतो. रक्त घट्ट होतं, रक्तदाब ढासळतो. पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची सुस्ती किंवा तळमळ, यातलं एक जरी दिसलं तरी थर्मामीटर बाजूला ठेवून रुग्णालय गाठावं.

तिथे डॉक्टर रुग्णाचं नख दाबून सोडतात. पांढरं पडलेलं नख दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. हातपाय गार आणि नखाला रंग यायला उशीर, म्हणजे रक्तपुरवठा कमी पडतोय. बीपी १००/८० आलं की नातेवाईक ‘शंभर आहे ना, मग ठीक’ म्हणतात. ठीक नसतं. वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर २० किंवा त्याहून कमी होणं ही डेंग्यूच्या शॉकची खूण आहे.

पण नातेवाईकांचं सगळं लक्ष पेशींवर! प्लेटलेट ४०,००० वर आल्या की ‘चढवा’ म्हणून हट्ट सुरू होतो. रक्तस्राव नसेल आणि आकडा १०,०००च्या वर असेल, तर सहसा चढवायची गरज नसते. जीव जातो तो बहुतेकदा शॉकमुळे, म्हणून डॉक्टर हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारा आकडा) आणि लघवीचं प्रमाण पाहून सलाईन कमी-जास्त करतात. पपईच्या पानांचा रस किंवा किवी शॉक टाळतात, असं सिद्ध झालेलं नाही. फळवाल्याचं भलं होतं, एवढं खरं. तापासाठी पॅरासिटामॉलच घ्यावी. अंगदुखीवरचं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि डेंग्यूची एनएस-१ ही रक्तचाचणी निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाहीच, असंही नाही.

पावसाळ्यातला दुसरा ताप लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे लेप्टोचा. ‘पायाला जखम नाही, मग लेप्टो कसा होईल?’ होऊ शकतो. उंदरांच्या, कुत्र्यांच्या, गुरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात. ते खरचटलेल्या किंवा भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून आणि डोळ्या-तोंडातून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची साथ आली. पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल होणं, मग कावीळ आणि लघवी कमी होणं, ही त्याची लक्षणं. पुराच्या पाण्यातून गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्यावी. गरोदर बायका आणि लहान मुलांना वेगळं औषध देतात.

तिसरा गैरसमज सेप्सिसबद्दलचा, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात त्या अवस्थेबद्दलचा. त्याविषयी कमी बोललं जातं, पण तो घातक तितकाच. ‘आजींना ताप नाही, म्हणजे इन्फेक्शन नाही.’ म्हातारी माणसं आणि मधुमेही यांना गंभीर संसर्गातही ताप येईलच असं नाही. अंग उलट गार पडू शकतं. कालपर्यंत नीट बोलणाऱ्या आजी असंबद्ध बोलू लागल्या, मिनिटाला २२ किंवा जास्त श्वास घेऊ लागल्या, तर ‘वयामुळे असेल’ म्हणून रात्र काढू नये. सेप्सिसमुळे शॉक आला असेल तर अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. त्याआधी कल्चरसाठी रक्त घेतात, ते यासाठी की जंतू कोणता आणि औषध कोणतं लागू पडेल हे नंतर कळावं. आदल्या दिवशी दुकानातून आणून दिलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्यांनी हा कल्चरचा रिपोर्ट वाया जाऊ शकतो.

म्हणून कॅज्युअल्टीत येताना घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, शेवटची लघवी कधी झाली आणि माणूस साचलेल्या पाण्यातून चालला होता का, हे न विचारताच सांगा. गाडीची सोय नसेल तर महाराष्ट्रात १०८ला फोन करा; ती रुग्णवाहिका मोफत आहे.