एक सरकार, असंख्य शेतकरी आणि संपाचे गणित

ज्या परिस्थितीत प्रत्येकाचा लाभ इतरांच्या निर्णयांवरही अवलंबून असतो, तिचे गणित म्हणजे गेम थिअरी. हाइनरिख फॉन श्टाकेलबर्ग यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात बलाढ्य खेळाडू, म्हणजे ‘अग्रणी’, पहिली चाल करतो, परंतु ‘अनुयायी’ तिला काय उत्तर देतील याचा हिशेब त्याने आधीच केलेला असतो. अनुयायी असंख्य असले की एकेकाचे वजन शून्यवत होते, आणि अग्रणी व अनुयायी दोघेही सर्वांच्या वागण्याच्या सरासरीकडेच पाहू लागतात. अलीकडचे गणित या सरासरीला ‘माध्य-क्षेत्र’ म्हणते.

राहाता तालुक्यातील गोदाकाठच्या पुणतांब्याच्या ग्रामसभेने एप्रिल २०१७ मध्ये शेतकरी संपाचा ठराव केला आणि १ जूनपासून शहरांकडे जाणारे दूध व भाजीपाला रोखला गेला, तेव्हा सरकार अग्रणी होते आणि शेतकरी अनुयायी. गायीची धार सकाळ-संध्याकाळ काढावीच लागते, वैरण-पेंडीचा खर्च चुकत नाही, दूध तर काही तासांत नासते. त्यामुळे संकलन केंद्रावर कॅन न नेणाऱ्याला तोटा त्याच दिवशी सोसावा लागतो, उलट संपाची मागणी असलेली कर्जमाफी मिळालीच तर ती संपात न उतरलेल्यालाही मिळणार असते. आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्याचा हा मोह गट मोठा तितका वाढतो, असे मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये दाखवले. हा तर्क पक्का असला, तरी गावाला तो अर्धाच लागू पडतो, कारण ग्रामसभेत हात वर करणारा माणूस इतरांचे हात पाहतो आणि आपलाही हात इतरांनी पाहिला आहे, हे जाणून घरी जातो. या ‘सामायिक ज्ञाना’मुळे, किती जण उतरले म्हणजे आपण उतरायचे, हा प्रत्येकाच्या मनातला उंबरठा ओलांडला जाऊ शकतो.

३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर काही प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले, तरी अनेक ठिकाणी तो चालूच राहिला. प्रतिमानाच्या दृष्टीने हाच सर्वांत बोलका क्षण होय. असंख्यांच्या वतीने दिलेला शब्द सरासरीला बांधू शकला नाही. ११ जूनला कर्जमाफी तत्त्वतः मान्य झाली आणि २४ जूनला दीड लाख रुपयांपर्यंतच्या माफीची, एकूण ३४,०२२ कोटींची, घोषणा झाली. पुढची चाल पुन्हा अग्रणीची होती: पात्रतेचे निकष ठरले, आणि ज्यांनी दूध एकत्र रोखले होते त्यांना कर्जमाफीचा ऑनलाइन अर्ज मात्र ज्याचा त्याने, आपापल्या आधार क्रमांकासह, वेगवेगळा भरायचा होता.