घरी बनवलेली गाडी आणि सायलेन्सरचे तोंड

भंगारातून गाडी उभी करण्याची हौस आपल्याकडच्या कारागिरांत जुनीच आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टाखातर सुमारे 60 हजार रुपयांत किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर 2021 मध्ये तिची देशभर चर्चा झाली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केले. पण ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, हेही सांगितले. गाडीच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

हदगावच्या एखाद्या होतकरू तरुणाने अशी गाडी करायला घेतली, तर तो इंजिन, चाके आणि स्टेअरिंगचा विचार आधी करील. सायलेन्सर शेवटी, एखाद्या जुन्या मोटारसायकलचा मिळेल तो जोडला जातो. आवाज कमी झाला की काम झाले, असे वाटते. पण सायलेन्सरचे आणखी एक मोठे काम आहे : इंजिनचा धूर माणसांपासून दूर नेऊन सोडणे.

मोटारसायकलवर सगळे उघड्यावर असते. धूर मागे वाऱ्यात विरून जातो. तेच इंजिन पत्र्याच्या गाडीत, सीटखाली किंवा पाठीमागे बसवले, की जोडातून गळणारा धूर थेट आत शिरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. मागच्या सीटवरचे मूल झोपले आहे असे आईला वाटते, आणि तो धुराचा परिणाम असू शकतो.

म्हणून जोडताना काही गोष्टी पाहाव्यात. सायलेन्सर त्याच ताकदीच्या इंजिनचा असावा. 100 सीसीचा सायलेन्सर 800 सीसीच्या इंजिनला लावला तर धूर कोंडतो, इंजिन तापते आणि ओढ कमी होते. मूळ सायलेन्सर आखूड असल्याने पाइप वाढवावा लागतो. तो तेवढ्याच व्यासाचा घ्यावा आणि वळणे गोलसर ठेवावीत. इंजिन थरथरते, चेसिस मात्र स्थिर असते. दोन्हींना कडक पाइपने बांधले तर वेल्डिंगला तडा जातो. मध्ये लवचिक जाळीदार पाइपचा तुकडा टाकावा आणि सायलेन्सर रबरावर लटकवावा. इंजिनजवळचे पॅकिंग नवे घालावे. आवाज ‘दमदार’ व्हावा म्हणून आतले कप्पे काढू नयेत. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये विषारी धूर कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही असतो.

गाडीचे वजन ओढताना हेच इंजिन जास्त जोर लावते आणि समोरचा वाराही त्याला पूर्वीसारखा लागत नाही. त्यामुळे पाइप अधिक तापतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे धुराचा पाइप पेट्रोलच्या नळीपासून 35 मिलिमीटरच्या आत असता कामा नये. घरच्या गाडीत याहून जास्त अंतर ठेवलेले बरे. त्याच नियमांनुसार चारचाकीचा धूर खाली किंवा डावीकडे सोडता येत नाही. तो मागे किंवा उजवीकडे जावा लागतो. पाइपचे तोंड गाडीच्या मागच्या टोकाबाहेर आले पाहिजे. ते सीटखाली संपले, तर धूर पुन्हा आतच खेचला जातो.

तपासणी सोपी आहे. इंजिन गार असताना, मोकळ्या जागेत ते सुरू करून जोडांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर तिथे गळती आहे. बंद शेडमध्ये मात्र इंजिन कधीच चालू ठेवू नये.

एवढे करूनही मान्यता आणि नोंदणीशिवाय अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. ती आपल्या शेतात किंवा आवारातच चालवावी.

पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीचा शेख इस्माईल हा आठवी शिकलेला, वेल्डिंगमध्ये तरबेज असा 24 वर्षांचा तरुण. त्याने मारुतीचे इंजिन लावून हेलिकॉप्टर तयार केले. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणी घेताना पंखा तुटून डोक्याला मार लागला आणि तो गेला. अल्लाह त्याची मगफिरत करो. त्या अपघाताचे कारण वेगळे होते, पण कारागिराच्या घरच्यांनी त्यातून एक गोष्ट घ्यावी. मुलाच्या हुनराला नावे ठेवू नयेत. त्याला आयटीआयच्या निदेशकाकडे किंवा जुन्या जाणत्या मिस्त्रीकडे घेऊन जावे, काम दाखवावे आणि त्यांनी तपासल्याशिवाय घरातल्या कुणालाही त्या गाडीत बसू देऊ नये.