सुरक्षित म्हणजे किती? कीटकनाशकं आणि रानातले छोटे सस्तन प्राणी



आजचं उदाहरण शेतातलं आहे. पिकावर फवारलेल्या किंवा जमिनीत टाकलेल्या कीटकनाशकाचा तिथल्या छोट्या रानटी सस्तन प्राण्यांना, म्हणजे रानउंदीर, चिचुंद्री, वटवाघूळ यांना, किती धोका आहे हे ठरवतात कसं? प्रश्न प्राणिशास्त्राचा दिसतो. मग तत्त्वज्ञानवाल्यांचं इथे काय काम? तर या मोजमापात आकडे पुष्कळ आहेत, आणि त्यातले काही आकडे म्हणजे मुळात निर्णय आहेत. ते ओळखायचे कसे, एवढंच आज पाहू.

सुरुवात शब्दांपासून करू. आपल्याकडे शेतकरी 'औषध मारलं' म्हणतो, 'विष मारलं' म्हणत नाही. त्यात गंमत आहे, पण तथ्यही आहे. औषध की विष हे मात्रेवर ठरतं, असं सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने सांगितलं होतं. म्हणून विषारीपणा आणि धोका या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. विषारीपणा हा त्या रसायनाचा गुण. धोका म्हणजे तो गुण, अधिक प्राण्याचा त्याच्याशी आलेला संपर्क. कुलपातल्या बाटलीतलं जहाल विष विषारी असतंच, पण उंदराला त्याचा धोका नाही.

आता युरोपातली पद्धत बघा, कारण ती तपशिलात लिहून ठेवलेली आहे. इटलीतल्या पार्मा शहरात युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण आहे. पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या धोक्याचं मूल्यमापन कसं करावं, याची मार्गदर्शिका त्यांनी २००९ मध्ये काढली आणि २०२३ मध्ये सुधारली. मूळ कल्पना साधी आहे. वर विषारीपणा, खाली संपर्क, आणि भागाकार करायचा. विषारीपणा म्हणजे प्रयोगशाळेतल्या उंदरांपैकी निम्मे ज्या मात्रेला मरतात ती मात्रा, शरीराच्या दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये. संपर्क म्हणजे रानातला प्राणी दिवसाला अन्नातून किती विष पोटात घेईल, तो अंदाज. २००९ च्या पद्धतीत, तातडीच्या विषबाधेसाठी हा भागाकार १० किंवा जास्त आला तर पहिल्या पायरीवर उत्तीर्ण. दीर्घकाळच्या, प्रजननावर होणाऱ्या परिणामांसाठी ही मर्यादा ५.

एक गणित करू. आकडे काल्पनिक आहेत. समजा, प्रयोगशाळेत ती घातक मात्रा निघाली १५० मिलिग्रॅम. शेतातल्या अन्नात दर किलोमागे ५० मिलिग्रॅम अंश आहे. २० ग्रॅमचा रानउंदीर दिवसाला ४ ग्रॅम खातो. म्हणजे ०.२ मिलिग्रॅम विष पोटात गेलं, शरीराच्या किलोमागे १० मिलिग्रॅम. १५० भागिले १०, उत्तर १५. उत्तीर्ण!

आता त्याच शेतात १० ग्रॅमची चिचुंद्री आहे. हा प्राणी विलक्षण खादाड. जितका देह लहान, तितकी अंगातली ऊब लवकर निघून जाते, म्हणून सतत खावं लागतं. युरोपातली सामान्य चिचुंद्री दिवसाला स्वतःच्या वजनाच्या ८०-९० टक्के खाते. आपण ८ ग्रॅम धरू, आणि किडे-गांडुळांत विषाचा अंशही तेवढाच धरू. किलोमागे झाले ४० मिलिग्रॅम. भागाकार ३.७५. नापास! शेत तेच, औषध तेच, घातक मात्राही तीच. बदललं फक्त पोट.

नापास झाल्यावर काय करतात? आकडे अधिक वास्तवाजवळ नेतात. कुणी म्हणेल, चिचुंद्री सगळं अन्न फवारलेल्या शेतातच थोडंच खाते? बांधावर खाते, झुडपात खाते. प्राण्याला छोटा रेडिओ ट्रान्समीटर लावून ते तपासताही येतं. समजा, पाव अन्नच शेतातलं निघालं. मग ४० चे १० झाले आणि भागाकार पुन्हा १५. नापास चिचुंद्री उत्तीर्ण!

यात लबाडी आहे का? नाही. रानउंदीर बीजप्रक्रिया केलेला दाणा सोलून खातो, तेव्हा विषाचा बराच भाग टरफलाबरोबर जातो. हे खरं असेल तर धरलंच पाहिजे. पण पाव हा आकडा कुणाचा? सरासरी चिचुंद्रीचा. आणि सरासरी चिचुंद्री कुठल्याच बिळात राहत नाही. ज्या एकीचं बीळ शेताच्या मधोमध आहे, तिच्यासाठी तो आकडा पाव नाही, जवळपास पूर्ण एक आहे. सरासरी धरायची, की सर्वाधिक संपर्क येणाऱ्या दहा टक्क्यांना धरायचं? ट्रान्समीटर इथे उत्तर देणार नाही. इथे आपण ठरवतो.

असेच आणखी दोन निर्णय आहेत. पहिला, प्रयोगशाळेतला उंदीर साऱ्यांचा प्रतिनिधी मानायचा. वटवाघूळ उडतं, काही जाती थंडीत साठवलेल्या चरबीवर महिनोनमहिने काढतात. २०१९ मध्ये याच प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी मान्य केलं की प्रचलित मूल्यमापनात वटवाघळांचं संरक्षण पुरेसं धरलेलं नाही. दुसरा निर्णय म्हणजे तो १० चा आकडा. तो कुठल्या परीक्षानळीत सापडलेला नाही. 'एवढं अंतर राखलं तर आपलं अज्ञान झाकलं जाईल' असं माणसांनी ठरवलं. ह्यूमने सांगितलेला 'आहे' आणि 'असावं' यांतला फरक नेमका इथे लपलेला असतो.

सर्वांत अवघड निर्णय मात्र वेगळाच आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरमधल्या बॉक्सवर्थ इथे १९८० च्या दशकात कीटकनाशकांच्या परिणामांचा मोठा प्रयोग झाला. तिथे गोगलगायींसाठी मेथिओकार्बच्या गोळ्या शेतात पृष्ठभागावर फेकल्या, तेव्हा रानउंदरांची संख्या झपाट्याने कोसळली. पेरणीच्या वेळी गोळ्या मातीत घातल्या तर परिणाम बराच कमी होता. मुख्य म्हणजे, कोसळलेली संख्या पुढे सावरली, कारण आजूबाजूच्या झाडीतून नवे उंदीर आले.

मग धोका होता की नव्हता? आधीची आणि नंतरची मोजणी पाहणारा म्हणेल, फार काही बिघडलं नाही. पण जे उंदीर मेले ते सावरले नाहीत. जागा भरली, ती दुसऱ्यांनी. आपल्याला जपायचं काय आहे: एकेक प्राणी, की त्यांची संख्या? हे आधी ठरवल्याशिवाय 'हानी' या शब्दाला अर्थच येत नाही. शिवाय विषबाधा झालेला छोटा प्राणी बहुधा बिळात जाऊन मरतो. शेतात मृतदेह दिसला नाही, म्हणजे मृत्यू झाला नाही, असं होत नाही.

आता आपल्याकडे वळू. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली आणि शेतकरी हवालदिल झाला. तिथे मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचा सल्ला दिला गेला. रसायन वेगळं, म्हणून बॉक्सवर्थचा निष्कर्ष उचलून इथे चिकटवता येणार नाही. दुबार पेरणीचं संकट समोर असताना शेतकऱ्याला चिचुंद्रीचं तत्त्वज्ञान ऐकवणंही बरं नव्हे. पण प्रश्न मात्र तोच लागू पडतो. बॉक्सवर्थची संख्या सावरली ती शेजारच्या झाडीमुळे. आपण बांध कोरत कोरत वावराला वावर भिडवलं, तर रिकामी झालेली बिळं भरायला येणार कोण आणि कुठून?

तेव्हा मंडळी, 'हे औषध सुरक्षित आहे' असं वाचलं की तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या प्राण्यासाठी? सरासरीसाठी, की सर्वांत जास्त खाणाऱ्यासाठी? आणि जपायचं आहे ते एकेका जिवाला, की संख्येला? पहिल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर शास्त्रज्ञ देतील. उरलेल्या दोन प्रश्नांत त्यांचं मत आपल्याइतकंच एक मत आहे, आणि आपण गप्प बसलो तर ते आपल्या वतीने कुणीतरी तक्त्यात भरून टाकतं.

इथे थांबू.